मुंबईत फक्त खेळांवर बोलणारं रेडिओ स्टेशन का झालं नाही?

प्रश्न असा आलाय: न्यूयॉर्कला आणि लंडनला दिवसरात्र फक्त खेळांवर बोलणारी रेडिओ स्टेशनं आहेत. मुंबईत तर मैदानापासून गच्चीपर्यंत क्रिकेट. मग असं स्टेशन इथे कधी होतं का? नसेल तर का झालं नाही? आणि आज कुणी काढलं तर चालेल का? प्रश्न विचारणाऱ्यांनी शेवटी स्वतःच एक अंदाज बांधलाय, की मुंबईकरांना ऐकायला वेळच नसतो, हेच कारण असावं.

आधी त्या अंदाजाचंच बघू, कारण तो मला पटत नाही. मी आकाशवाणीवर कॅज्युअल समालोचक म्हणून सुरुवात केली आणि पुढे बरीच वर्षं खासगी एफएमवर कार्यक्रम केले. ऐकणाऱ्यांची वानवा मला दोन्हीकडे दिसली नाही. दीड-दीड तास लोकलला लटकणाऱ्या माणसाइतका वेळ ऐकायला आणखी कुणाकडे असतो? अडलं ते दुसरीकडे. अशा स्टेशनाला थेट सामना लागतो, मोकळेपणानं बोलायची परवानगी लागते आणि बोलणं परवडेल इतकी स्वस्त फ्रिक्वेन्सी लागते. मुंबईत या तिन्ही गोष्टी एका वेळी एका माणसाच्या हातात कधी आल्याच नाहीत. खाली लिहिलेला इतिहास याच नजरेनं वाचा.

एक खुलासा आधीच करतो. ‘खेळांवर बोलणं’ या नावाखाली आपण दोन वेगळी कामं एकत्र करतो. समोर चाललेल्या सामन्याचं वर्णन हे एक काम. सामना संपल्यावर किंवा सुरू व्हायच्या आधी त्यावर वाद घालणं, निवड समितीला बोल लावणं, श्रोत्यांचे फोन घेणं, हे दुसरं. पहिल्या कामात मुंबई देशाच्या पुढे होती. दुसरं इथे रुजलं नाही. तुमचा खरा प्रश्न या दुसऱ्या कामाचा आहे.

मुंबईत रेडिओ आला तोच मुळी हौशी लोकांच्या हातून. रेडिओ क्लबचं प्रसारण १९२३ मध्ये सुरू झालं. मग २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र निघालं. ही खासगी कंपनी होती आणि तीन वर्षांत बुडाली. सरकारनं कारभार हातात घेतला आणि १९३६ मध्ये त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. या क्रमाकडे नीट बघा. खेळ रेडिओवर येण्याआधीच खासगी रेडिओचा खेळ आटोपला होता. त्यामुळे आपल्याकडे क्रिकेटनं माइक पहिल्यांदा पाहिला तो सरकारीच.

आपल्याकडचं पहिलं चेंडूगणिक समालोचन १९३४ सालचं. धर्मवार संघांच्या चौरंगी सामन्यांत पारशी विरुद्ध मुस्लिम, एस्प्लनेड मैदान, आणि माइकवर ए. एफ. एस. ऊर्फ बॉबी तल्यारखान. एकटा माणूस सकाळपासून खेळ संपेपर्यंत बोलायचा, जेवणाची आणि चहाची सुट्टी तेवढी सोडून. आज तीन-चार जण आळीपाळीनं वीस-वीस मिनिटं बोलतात आणि तरी घसा बसला म्हणतात. १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं, चौरंगीचे पंचरंगी सामने झाले, आणि तल्यारखानांचा आवाज हे त्या सामन्यांचं एक अंगच होऊन गेलं. त्यांच्या बोलण्यात वर्णन असायचं, तशी स्वतःची ठाम मतंही असायची. मला विचाराल तर मुंबईतली पहिली ‘स्पोर्ट्स टॉक’ तीच. सामना चालू असतानाची आणि एकाच तोंडातून आलेली, एवढाच फरक.

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ आला तेव्हा आकाशवाणीनं तीन समालोचक ठेवायचं ठरवलं. माइक वाटून घेणं तल्यारखानांना मान्य नव्हतं, ते बाजूला झाले. याला लोक त्यांचा अहंकार म्हणतात. असेलही. पण समालोचनाच्या बाजूनं बघितलं तर तिथून एक पद्धत पक्की झाली: माणसं बदलत राहणार, सूर एकच राहणार. जे दिसतं ते सांगायचं. आम्ही समालोचन करायला लागलो तेव्हाही ज्येष्ठांची शिकवण हीच होती. पंचांचा निर्णय चुकीचा वाटला तरी ‘पंचांनी बाद दिलेलं आहे’ इथे थांबायचं. संघात अमुक का घेतला, तमुक का वगळला, हे माइक बंद झाल्यावर कॅन्टीनमध्ये. सरकारी माध्यमाचा हा संयम मला आजही वाईट वाटत नाही, त्यातून फार सुंदर वर्णन करणारी माणसं घडली. मात्र चर्चेचं स्टेशन ज्या खाद्यावर जगतं, ते खाद्य या संयमानं स्टुडिओच्या बाहेरच ठेवलं.

इंग्रजीत मुंबईचे अनंत सेटलवाड आणि सुरेश सरैया, मराठीत पुण्याचे बाळ ज. पंडित. पंडितांनी मराठी समालोचनाला जी घडी घालून दिली, तिच्यावरच आम्ही सगळे पुढे चाललो. त्यांचं ऐकून शिकलेली एक गोष्ट अजून नव्या मुलांना सांगतो: धावसंख्या सांगायला लाजू नका. ऐकणारा आत्ताच येऊन बसलाय, असं धरून चाला. षटक संपलं की धावफलक, गडी बाद झाला की धावफलक, मध्येच काही घडलं नाही तर धावफलक.

समालोचन कक्ष आतून कसा असतो, ते बाहेरच्यांना माहीत नसतं. वानखेडेवर काचेमागे एक लांबट टेबल, त्यावर दोन माइक. मध्ये किंवा कडेला स्कोअरर, तो बोलत नाही, चिठ्ठ्या सरकवतो: ‘भागीदारी ५०’, ‘या सत्रात पहिला चौकार’. प्रेक्षकांचा गलका टिपायला एक वेगळा माइक बाहेर लावलेला, त्याचा आवाज किती ठेवायचा हे ओबीचा, म्हणजे स्टुडिओबाहेरून होणाऱ्या प्रसारणाचा इंजिनिअर ठरवतो. कानात चर्चगेटच्या स्टुडिओतल्या ड्यूटी ऑफिसरचा आवाज. आणि घड्याळ. बातम्यांची वेळ झाली की गोलंदाज गरवारे पॅव्हेलियन एंडकडून धावत सुटलेला असला तरी ‘आता आपण स्टुडिओत परत जाऊ या’ म्हणायचं. बातम्या संपून परत यावं तर तोवर एक गडी बाद. श्रोते चिडून पत्रं लिहायचे आणि त्यांचं बरोबरच होतं. पण ती वाहिनी खेळाची नव्हतीच. शेतीविषयक कार्यक्रम, बातम्या, नाट्यसंगीत, कामगार सभा, या सगळ्यांमधून क्रिकेटला सवड काढून दिलेली असायची.

चर्चेच्या सगळ्यात जवळ गेलेली गोष्ट म्हणजे विविध भारतीवरचा माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांचा क्रिकेटवरचा कार्यक्रम. विविध भारतीवर जाहिराती यायला १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे आणि नागपूर इथून सुरुवात झाली होती, प्रायोजित कार्यक्रमांना भाव होता, आणि मर्चंटांसारखा जाणकार शांतपणे क्रिकेट समजावून सांगत असे. बघा, इथे खेळ होता, माणूस होता, प्रायोजकही होता. नव्हते ते फोनवरचे श्रोते, आणि नव्हते उरलेले तास.

आता परदेशातली स्टेशनं कशी उभी राहिली ते बघू, कारण तिथलं यश बघून आपण नेमका चुकीचा धडा घेतो. चोवीस तास खेळ या पद्धतीचं पहिलं मोठं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कचं डब्ल्यूएफएएन. ते १ जुलै १९८७ ला दुपारी तीन वाजता सुरू झालं. जुनं संगीताचं स्टेशन विकत घेऊन त्याचा कायापालट केला होता आणि त्या स्टेशनाबरोबर मेट्स या बेसबॉल संघाच्या सामन्यांचे हक्कही आले होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून थेट सामना हातात. तरीही सुरुवातीला तोटाच होता. पुढच्या वर्षी त्यांनी जास्त ताकदीची ६६० ही फ्रिक्वेन्सी मिळवली, तिच्याबरोबर डॉन आयमस हा सकाळचा लोकप्रिय निवेदक आला, आणि १९८९ मध्ये दुपारी ‘माइक अँड द मॅड डॉग’ ही जोडी बसली. तेव्हा गाडी रुळावर आली. आयमस तर खेळावर फारसं बोलायचाही नाही! लंडनच्या टॉकस्पोर्टचंही तसंच. ते मूळचं साध्या गप्पांचं स्टेशन, २००० साली खेळाकडे वळलेलं.

दोन्हींत एक समान गोष्ट आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रश्नाची किल्ली तीच आहे. दोन्ही मीडियम वेव्हवर, म्हणजे एफएमच्या आधीच्या जुन्या पट्ट्यावर वाढली. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये संगीत ऐकणारे लोक स्वच्छ आवाजासाठी एफएमकडे गेले आणि मीडियम वेव्हच्या फ्रिक्वेन्सी ओस पडल्या, स्वस्त झाल्या. माणसाचं बोलणं थोडं खरखरीत ऐकू आलं तरी चालतं, म्हणून बोलणारे तिथे गेले. मोठ्या शहरातली जुनी चाळ रिकामी झाली की तिथे कमी भाड्यात छोटे कारखाने येतात, तसं झालं.

आपल्याकडे ती चाळ रिकामी झालीच नाही. मीडियम वेव्ह खासगी कंपन्यांना कधीच खुली केली गेली नाही, ती आकाशवाणीकडेच राहिली. खासगी माणसाला मिळालं ते फक्त एफएम, आणि तेही लिलावात.

मुंबईच्या एफएमचा हिशेब नीट समजून घ्या, मग बाकी आपोआप कळेल. १९९३ मध्ये आकाशवाणीनं मुंबई-दिल्लीत एफएमवरचे तास खासगी निर्मात्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि १९९८ मध्ये ते बंद केलं. मग १९९९ चं धोरण, लिलाव, आणि २००२ मध्ये मुंबईत एकापाठोपाठ एक खासगी स्टेशनं. बोली इतकी चढली की वर्षाचं परवाना शुल्क कोटींमध्ये गेलं. शिवाय ते दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढणार, धंदा होवो न होवो. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ही पद्धत बदलून एकदाच भरायचं प्रवेश शुल्क आणि उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा असं ठरलं, तेव्हा स्टेशनांचा जीव भांड्यात पडला. पण मुंबईची फ्रिक्वेन्सी महाग ती महागच. तिसऱ्या टप्प्यात, २०१५ च्या लिलावात, मुंबईच्या एका फ्रिक्वेन्सीला शंभर कोटींच्या वर बोली लागली.

एवढे पैसे ओतलेला मालक कोणता माल लावेल? जो सगळ्यांना चालतो तो. हिंदी सिनेमाची गाणी. स्टुडिओच्या भिंतीवर तासाचं ‘क्लॉक’ चिकटवलेलं असायचं: गाणं, गाणं, जाहिराती, आरजेची लिंक, गाणं. लिंक दीड मिनिटाच्या पुढे गेली की प्रोग्रॅमिंगवाले काचेपलीकडून हात हलवायचे. मी एका स्टेशनवर शनिवारचा तासाभराचा खेळांचा कार्यक्रम करायचो, त्यातही दर वीस मिनिटांनी एक गाणं लावायचंच, असा नियम होता. भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीवर पाहुणे बोलत असताना मध्ये ‘धूम मचाले’. पाहुणे बिचारे हेडफोन काढून चहा प्यायचे.

यात २०१० मध्ये आणखी भर पडली. कॉपीराइट बोर्डानं ध्वनिमुद्रित गाण्यांसाठी स्टेशनांनी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के द्यावेत असा निर्णय दिला. रेडिओ कंपन्यांची ही मागणी जुनी होती आणि त्यांच्या बाजूनं निर्णय योग्यच होता. परिणाम मात्र असा, की गाणं आणखी स्वस्त झालं. एक तास बोलायचं तर निर्माता, संशोधक, दोन निवेदक, पाहुण्यांची ने-आण आणि फोनवर बसणारा मुलगा लागतो. एक तास गाणी लावायची तर एक आरजे आणि एक संगणक पुरतो. हा हिशेब कुठल्याही मालकाला बोटांवर करता येतो.

‘पण निव्वळ बोलण्याचं स्टेशन कुणी काढून तर बघायचं!’ असं तुम्ही म्हणाल. बघितलं होतं. २००७ च्या सुमारास १०४.८ वर ‘म्याँव’ नावानं स्त्रियांसाठी गप्पांचं स्टेशन मुंबईत आलं. काही वर्षांतच त्याचं नाव बदलून ‘ओये’ झालं आणि ते गाण्यांकडे वळलं. मला त्या प्रयोगाबद्दल आदर आहे. त्यानंतर मात्र मुंबईत गप्पांचं, त्यातही फक्त खेळांचं स्टेशन काढायचा प्रस्ताव घेऊन गेलं की समोरचा माणूस ‘म्याँव आठवतंय ना?’ म्हणायचा आणि फाइल मिटायची.

आता परवानगीचं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा मिळाली आणि काही विषय ‘बातमी’ या व्याख्येतून बाहेर काढले: वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल वगैरे. त्यात खेळही आहे. त्याचा आशय असा: खेळांच्या स्पर्धांविषयी माहिती देता येईल, थेट प्रसारण मात्र करता येणार नाही, स्थानिक स्वरूपाच्या सामन्यांचं थेट समालोचन मात्र चालू शकेल. हे कलम दोनदा वाचा. भारत-पाकिस्तान सामना खासगी स्टेशनला थेट करता येत नाही, पण ना. म. जोशी मार्गावरचा कबड्डीचा सामना करता येतो. या दारातून आजवर फारसं कुणी आत गेलेलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. त्याकडे शेवटी येतो.

मोठ्या सामन्यांच्या हक्कांचं गणित आणखी वरच्या पातळीवर ठरलं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी नाही असं सांगितलं. तो खटला क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून उभा राहिला होता. पुढे क्रिकेटचे हक्क खासगी कंपन्यांकडे गेले, आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीशी वाद झडले, आणि २००७ मध्ये कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण हक्कधारकानं प्रसारभारतीला द्यायचं. जाहिरातींचं उत्पन्न टीव्हीसाठी किमान ७५:२५ आणि रेडिओसाठी ५०:५० असं वाटायचं. यातून गावोगावच्या श्रोत्याला सामना मिळाला, ते चांगलंच झालं. स्थानिक खासगी स्टेशन या व्यवस्थेत कुठेच बसत नाही. डब्ल्यूएफएएनला मेट्स मिळाले, तसे मुंबईच्या कुठल्या एफएमला मुंबईचे रणजी सामने मिळाले असते, तर चित्र कदाचित वेगळं दिसलं असतं. पंधरा वर्षं सलग रणजी करंडक जिंकणारा संघ या शहरात होता, १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत. तेव्हा खासगी रेडिओ नव्हता. खासगी रेडिओ आला तेव्हा रणजीला वानखेडेवर प्रेक्षक मोजायला दहा बोटं पुरायची.

श्रोत्यांच्या फोनबद्दल थोडं, कारण ते प्रत्यक्ष केल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतला खेळ-चर्चेचा श्रोता मोटारीत एकटा असतो. संघ हरला की सिग्नलला उभा राहून स्टेशनला फोन लावतो आणि भांडतो. आपला श्रोता साडेसहाच्या विरार फास्टमध्ये असतो. दारात उभा राहून तो ऐकू शकतो. फोन लावला तर पहिल्या वाक्यात ‘पुढील स्टेशन दादर’ आणि दुसऱ्या वाक्यात कुणीतरी ‘आतमध्ये सरका’ म्हणत असतं. आमच्या शनिवारच्या कार्यक्रमाला चांगले फोन यायचे ते घरून, बहुतेक निवृत्त माणसांचे, किंवा टॅक्सी स्टँडवरून. एक टॅक्सीवाले काका दर शनिवारी भायखळ्याच्या स्टँडवरून फोन करायचे, रमाकांत देसाईंच्या गोलंदाजीपासून सुरुवात करायचे आणि आजच्या गोलंदाजांपर्यंत यायच्या आत आम्हाला गाणं लावावं लागायचं. शिवाय बऱ्याच ठिकाणी फोन थेट हवेत सोडायचे नाहीत, आधी रेकॉर्ड करून कात्री लावायची, अशी पद्धत होती. गाणं चालू असताना रेकॉर्ड केलेला, तीस सेकंदांचा ‘हॅलो, मला वाटतं आज इंडिया जिंकणार’ हा काही वाद नव्हे.

टीव्ही आणि मोबाइलबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना दिसतंच. एवढंच सांगतो, की मोबाइलमध्ये एफएम आलं पण मीडियम वेव्ह आलं नाही. त्यामुळे आकाशवाणीचा जो भाग बोलण्यासाठी सगळ्यात मोकळा होता, तो तरुणांच्या खिशातूनच गेला. २०१९ मध्ये क्रिकेट मंडळ आणि आकाशवाणी यांच्यात करार होऊन रेडिओ समालोचन पुन्हा नियमित झालं आणि त्यात देशांतर्गत सामनेही आले. पण तोवर मंडळी पडद्याकडे वळली होती. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचन आलं, तेही चित्रासोबत.

तर इथपर्यंतचं एका दमात: वर्णनाची परंपरा सरकारी माइकवर वाढली, म्हणून वादापासून लांब राहिली. खासगी रेडिओ आला तो महाग एफएमवर, म्हणून गाण्यांना बांधला गेला. मोठ्या सामन्यांचं थेट प्रसारण त्याला नियमानंच नाही. आणि श्रोता आहे, पण तो फोन लावण्यापेक्षा ऐकणारा आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आज काढलं तर चालेल का. तुमच्याकडे किती पैसे आहेत, कोणत्या भाषेत बोलायचंय आणि ‘स्टेशन’ म्हणजे तुमच्या मनात काय आहे, यावर ते अवलंबून आहे. एफएमचा परवाना घेऊन चोवीस तास हिंदीत क्रिकेट, असा बेत असेल तर माझं सरळ उत्तर नाही असं आहे. दुसरा मार्ग कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे एका परिसरापुरत्या छोट्या स्टेशनचा. पण त्याचा परवाना व्यक्तीला मिळत नाही, नोंदणीकृत ना-नफा संस्था किंवा शैक्षणिक संस्था लागते. मुंबई विद्यापीठाचं १०७.८ वरचं स्टेशन याच प्रकारातलं. तुमच्या ओळखीचं एखादं क्रीडा मंडळ तशी नोंदणी असलेलं आणि काही वर्षं सुरू असलेलं असेल, तर तो मार्ग शोधण्यासारखा आहे. नसेल तर इंटरनेटवरची ध्वनी-वाहिनी. तिथे फ्रिक्वेन्सीचा खर्चच नाही, म्हणजे मीडियम वेव्हची जी स्वस्ताई आपल्याला कधी मिळाली नाही, ती आता मिळालीय.

मात्र तिथे जाऊन विराट-रोहितवर बोलू नका. त्यावर हजार जण बोलतायत, आणि त्यांच्याकडे तुमच्याहून जास्त पैसे आहेत. मुंबईत दर रविवारी जे घडतं आणि कुणीच सांगत नाही, ते सांगा. कांगा लीगचं उदाहरण घ्या. १९४८ पासूनची ही पावसाळी स्पर्धा. ओल्या खेळपट्टीवर भलेभले फलंदाज नाचतात. सोमवारच्या पेपरात चार ओळी येतात आणि संपलं. शालेय क्रिकेट घ्या. १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि विनोद कांबळीनं ६६४ धावांची भागीदारी केली, तिचं समालोचन कुणी केलं असतं तर आज तो आवाज लोकांनी जपून ठेवला असता.

पण मैदानी क्रिकेटचं समालोचन अवघड असतं, हेही सांगतो. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या, एकाचा कव्हर दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा. चेंडू आला तो कोणत्या सामन्यातला हे खेळाडूलाच कळत नाही, समालोचकाला काय कळणार. खांद्यापेक्षा उंच बसायला जागा नाही. म्हणून माझी शिफारस कबड्डीची.

कबड्डी रेडिओसाठी किती योग्य आहे याची कुणाला कल्पना नाही. मैदान छोटं, नजरेत मावतं. चढाई ३० सेकंदांची. त्या तीस सेकंदांत सांगायचं काय ते ठरलेलं असतं: चढाईपटू कोण, समोर किती जण, तो उजव्या कोपऱ्याकडे की डाव्या, बोनस रेषा ओलांडली का, हात लागला का, पकड कुणी केली. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच बोनस, म्हणून आकडा आधी सांगायचा. ‘डावा कोपरा, घोटा पकडला, मागून साखळी आली, सुटणार... सुटला नाही!’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला चित्र दिसतं. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये भरायला तुम्हाला हवामान, इतिहास, कबुतरं, सगळं लागतं. कबड्डीत श्वास घ्यायलाही वेळ नाही आणि कंटाळवाणं व्हायलाही नाही. शिवाय लालबाग, परळ, प्रभादेवी, नायगाव इथे मैदानाभोवती गर्दी असतेच. तो गलकाच तुमचा अर्धा कार्यक्रम करतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये सुरू झाल्यापासून जाहिरातदारांनाही हा खेळ नवा राहिलेला नाही.

सामना संपला की लगेच त्याच माइकवर वीस मिनिटांची चर्चा ठेवा, दोन्ही संघांचे प्रशिक्षक आणि गर्दीतला एखादा जुना खेळाडू. चर्चा सामन्याला चिकटलेली असेल तर लोक थांबतात. वेगळ्या वेळी ठेवली तर येत नाहीत. आणि फोन-इन करू नका, आवाजी निरोप मागवा. ट्रेनमधून उतरल्यावर माणूस ब्रिजवरून चालत चालत दहा सेकंदांचा निरोप पाठवतो, तो दुसऱ्या दिवशी लावता येतो.

सुरुवात करताना पहिलं काम आयोजक मंडळाच्या सचिवांना भेटून ध्वनी-प्रसारणाची लेखी परवानगी घेणं. तोंडी ‘या की हो’ पुरत नाही. अंतिम सामन्याला पाहुणे येतात तेव्हा तुमचं टेबल पहिलं उचललं जातं. पत्रात टेबलाची जागा गुणलेखकांच्या शेजारी, असं लिहून घ्या, कारण चढाईचा निर्णय आणि गुण तिथेच आधी कळतो. विजेसाठी मंडपवाल्यावर विसंबू नका, रेकॉर्डर बॅटरीवर चालणारा ठेवा. एक माइक तुमच्या तोंडाजवळ आणि एक मैदानाकडे तोंड करून, लाउडस्पीकरच्या खांबापासून शक्य तितका लांब. आणि आठवड्याला एकच सामना धरा, पण संपूर्ण मोसम सोडू नका.